गप्प बसायला शिकलेलं घर

“ताई, घराला काहीही शिकवा, फक्त गप्प बसायला शिकवू नका. ते एकटं शिकत नसतं,” फरीदा निघताना म्हणाली होती. शलाका बोरस्ते तेव्हा बाळाचे लंगोट दोरीवर टाकत होती. तोंडात दोन चिमटे होते. “हं हं,” करून तिनं फरीदाला वाटेला लावलं आणि ते बोलणं तिथंच विसरली.

फरीदा ‘घरजाण’ बसवणारी मुलगी होती. बसवणं म्हणजे मुख्यतः रंगकामच. त्या रंगात डोळ्यांना न दिसणारे जाणकण मिसळलेले असत. भिंतीची ओल, हवेतला वायू, वायरची ऊब, पाइपातली थरथर हे सगळं त्या कणांना कळे आणि स्वयंपाकघरातल्या बशीएवढ्या चकतीतून घर ते बोलून दाखवी. निफाडच्या त्या चार मजली इमारतीत बिल्डरनं सगळ्याच घरांना हा रंग दिला होता.

चार महिन्यांची मुक्ता, नाशिकच्या नोकरीसाठी सकाळी सातलाच बाहेर पडणारा नवरा आणि रसायनशास्त्रातली बी.एस्सी. पदवी, असा शलाकाचा संसार होता. काळजी करणं हा तिचा पूर्णवेळ उद्योग. त्यामुळे घरजाण तिला फार आवडली. ती सारखं काहीतरी विचारायची आणि घर न कंटाळता सांगायचं. सिंकखालचा नळ पाझरतोय, वायसर बदला. फ्रिजचं रबर सैल झालंय, कोमट पाण्यानं पुसून पाहा, तोवर नव्याचा खर्च नको. पश्चिमेच्या भिंतीतली ओल पावसाची नाही, वरच्या कुंडीची आहे; कुंडीखाली ताटली ठेवा. तिनं ताटली ठेवली आणि पंधरा दिवसांत भिंत कोरडी झाली. त्या दिवसापासून तिचा घरावर विश्वास बसला.

विश्वास बसला नाही तो हौसाबाईंचा. हौसाबाई मालिशवाल्या. अर्ध्या निफाडची बाळं त्यांच्या पायांवर न्हाऊन निघालेली. डिसेंबरच्या थंडीत त्या साडेआठला यायच्या, मुक्ताला तेलानं रगडून, न्हाऊ घालून मग धुरी द्यायच्या. शेगडीत कोळशाचे निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं. आणि बाळाला वारं लागू नये म्हणून खोली घट्ट बंद.

पहिल्याच दिवशी चकती ओरडली, “खोलीत कार्बन मोनॉक्साइड वाढतोय. खिडकी उघडा. खिडकी उघडा.”

मुक्ता दचकून टाहो फोडायला लागली.

“भिंतीला काय कळतंय गं बाळंतपणातलं?” हौसाबाई म्हणाल्या. “तिला कधी झालंय पोर?”

“मावशी, ती खरं बोलतेय. धुमसत्या कोळशातून हा वायू निघतो. वास नाही, रंग नाही. रक्तात प्राणवायूची जागाच अडवून बसतो.”

“तुझा नवरा माझ्याच धुरीवर वाढलाय. बघ, केवढा दांडगा झालाय.”

दोघींत तह झाला. धुरी द्यायची, पण खिडकी वीतभर उघडी ठेवून, आणि पाच मिनिटांत शेगडी बाल्कनीत. शलाका स्वतः घड्याळ लावून उभी राहायची. तरी आकडा जरा वर गेला की घर ओरडायचं, मुक्ता रडायची आणि हौसाबाई भिंतीकडे बघून कडाकडा बोटं मोडायच्या. तिसऱ्या दिवशी शलाका वैतागून म्हणाली, “अगं, ही सकाळची धुरी आहे. धुरीच्या वेळी गप्प बस.”

“ही धुरी आहे. गप्प बसू?”

“हो.”

“पुढेही असंच समजू?”

“हो गं बाई, हो.”

चौथ्या दिवसापासून मुक्ता धुरीतच झोपायला लागली.

पुढच्या सोमवारी सकाळी घर एकदम म्हणालं, “चष्मा फ्रिजवर आहे.” शलाकानं जन्मात चष्मा लावला नव्हता. फ्रिजवर बाळाची ग्राइपवॉटरची बाटली होती. मंगळवारी पुन्हा तेच. तिला हसू आलं, मग कुतूहल वाटलं. संध्याकाळी जिन्यात सानप सर भेटले. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, तिच्या बरोबर खालच्या घरात एकटेच राहायचे. त्यांच्या दाराची जादा किल्ली शलाकाच्या फ्रिजशेजारच्या खिळ्याला असे.

“सर, तुम्ही रोज सकाळी चष्मा शोधता का?”

“चष्मा शोधायला चष्मा लागतो, ही देवाची चूक आहे. का?”

तिनं सांगितलं. सर खो खो हसले. “म्हणजे ही बया घरोघर चहाड्या सांगते. मला काल विचारत होती, ‘दुदू झालं का?’ म्हटलं, मी सत्तरीचा आहे, चहा म्हण.”

मग उलगडा झाला. इमारतीतली घरं दर रविवारी एकमेकांकडून सवयी शिकत. ‘शेजारशिकवण’ नावाची ती सोय होती आणि सगळ्यांनीच न वाचता तिला होकार दिला होता.

“पण शहाणी झालीय हं,” सर जिन्याच्या कठड्याला टेकून म्हणाले. “आधी माझ्या अंघोळीच्या वेळी गॅसचा गीझर लावला की नुसता कलकलाट. बाथरूमची खिडकी उघडा, खिडकी उघडा. निफाडच्या थंडीत? मी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा लावून झडपा बंद केल्यात. दोन दिवस झाले, एक शब्द बोलत नाही.”

“बरं वाटतंय ना तुम्हाला?”

“डोकं जरा जड असतं अंघोळीनंतर. थंडीच तशी आहे.”

मुक्ता वर रडत होती. शलाका घाईनं जिना चढली.

बुधवारी सकाळी नऊला धुरी चालू होती. खिडकी वीतभर उघडी, घड्याळ लावलेलं. धूर वळणं घेत खिडकीकडे जात होता आणि घर गप्प होतं. शलाकाला सरांचं डोकं आठवलं. जड असतं. अंघोळीनंतर. थंडीनं डोकं जड होतं की हलकं?

“घर, आत्ता हवेत कार्बन मोनॉक्साइड किती आहे?”

“दहा लाख भागांत पस्तीस.”

“मग बोलत का नाहीस?”

“सकाळची धुरी आहे. तुम्हीच शिकवलंत.”

सकाळी वाढणारा वायू म्हणजे धुरी, एवढंच घरानं लक्षात ठेवलं होतं. वीतभर उघडी खिडकी आणि पाच मिनिटं, हे त्यानं लक्षात ठेवलंच नव्हतं, कारण तिनं ते कधी सांगितलंच नव्हतं.

“दुसरीकडे कुठं आहे वायू?”

“बाथरूमच्या डक्टच्या भिंतीला लागतोय. दीडशे. खालच्या घरातून येतोय. तीही सकाळची धुरी आहे.”

“खाली बाळ नाहीये.”

“नोंद घेतली,” घर म्हणालं. तेवढंच.

शलाकानं खिळ्यावरची किल्ली ओढली आणि ओट्यावरचा लोखंडी बत्ता उचलला. “मावशी, शेगडी बाहेर टाका आणि मुक्ताला घेऊन जिन्यात थांबा. काही झालं तरी आत यायचं नाही. अॅम्ब्युलन्स बोलवा.” हौसाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच उलटा प्रश्न न करता शेगडी उचलली.

सरांच्या घरात बादली भरून वाहत असल्याचा आवाज येत होता. शलाकानं श्वास रोखला, समोरची खिडकी उघडली, गीझरचा सिलिंडर बंद केला आणि बाथरूमच्या प्लॅस्टिकच्या दारावर बत्ता मारला. तिसऱ्या घावाला कडी तुटली. सर पंचा गुंडाळून स्टुलावर, भिंतीला डोकं टेकून बसले होते. जणू कुणाची तरी वाट बघताहेत. तिनं त्यांना काखेत धरून बाल्कनीपर्यंत ओढत नेलं. कसं नेलं, हे तिला नंतर आठवेना. बाल्कनीत त्यांची छाती हलताना दिसली तेव्हा ती फरशीवर बसली आणि आधी जिन्यातून मुक्ताचा आवाज येतोय ना, ते ऐकलं. येत होता.

सर वाचले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नाकाला प्राणवायूची नळी लावून ते म्हणाले, “माझं घर मला तान्हं बाळ समजलं. समजू दे. पण मग अंगाई तरी म्हणायची.”

शलाकाला हसता आलं नाही.

फरीदा त्याच संध्याकाळी आली. चकती उघडून तिनं आतल्या नोंदी वाचल्या.

“तुमच्या इमारतीतल्या घरांमधून मी हा धडा पुसलाय, ताई.”

“मग झालं ना?”

“रविवारी तो बाहेरही गेलाय. निफाडमध्ये, पिंपळगावात, पुढे कुठवर ते कळत नाही. घरं एकमेकांना फक्त सवय देतात, पत्ता देत नाहीत. सगळीकडे पुसायला वेळ लागेल. आणि काही घरांनी त्यात स्वतःची भर घातली असेल.”

“म्हणजे?”

“धुरी सोडून आणखी कशाकशाला गप्प बसायचं, ते.”

“तू सांगितलं होतंस,” शलाका म्हणाली.

“सगळे हो म्हणतात, ताई. मीही माझ्या घराला मिक्सरच्या वेळी गप्प केलंय.” फरीदा खाली बघत चकतीचे स्क्रू आवळत राहिली.

ती गेल्यावर शलाकानं सरांच्या बाथरूमचा पुठ्ठा काढला. मागच्या बाजूला डिसेंबरचं पान होतं. त्याच्या कोऱ्या पाठीवर ती लिहायला बसली. मुक्ता मांडीवर होती, हौसाबाई शेजारी निखारे नसलेली शेगडी घासत होत्या.

“काय लिहितेस गं?”

“फाटकावर लावायला. आणि ज्या ज्या गावात पोचेल तिथं पाठवायला.”

“मोठ्या अक्षरात लिही. माझ्यासारख्या चष्मा घरी विसरतात.”

तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं:

‘गॅसचा गीझर लावलेल्या बाथरूमची खिडकी थंडीतही बंद करू नका. धुरी द्यायचीच असेल, तर खिडकी उघडी ठेवा. आपल्या घराला एकदा विचारा, तू कशाकशाला गप्प बसतेस. आणि हे वाचून संपायच्या आत उठा. तुमच्या वर, खाली किंवा शेजारी कुणीतरी एकटं राहतं. त्यांच्या दाराची बेल वाजवा, आणि त्यांचा आवाज कानांनी ऐकेपर्यंत परत फिरू नका. त्यांच्या घरातून काही ओरडा आला नाही, म्हणजे सगळं ठीक आहे, हे आपल्याला कुणी शिकवलं?’