पाण्यात बसलेल्या बारा वड्या

प्रयोगशाळेच्या साहेबांना रीतभात नव्हती, हे आईंनी दारातच ताडलं. सत्तरीची बाई समोर उभी, आणि हा गृहस्थ खुर्चीत रेलून पेनाचं टोपण उघडतोय, मिटतोय. ‘बसा’ म्हणायला जीभ झिजते की काय याची!

“चार वाजता पत्र निघेल,” साहेब म्हणाले. “खोट्या संशोधनाबद्दल तुमच्या सुनेला काढून टाकल्याचं. तासभर आहे तुमच्याकडे.”

आईंच्या मागे थोरला मुलगा वही सावरत उभा होता. ‘खाजगी तपास’ ही पाटी त्याच्या नावाची होती, डोकं आईंचं. आईंची शाळा दुसरीतच सुटली होती, पण चुन्याची भट्टी त्यांनी चाळीस वर्षं चालवली होती. भट्टीवर दगड कळतो आणि माणूसही.

तेवढ्यात एक हसतमुख माणूस दोन खुर्च्या घेऊन आला.

“बसा आई. तुमची सून मला दादा म्हणते, म्हणजे तुम्ही माझ्याही आईच.”

“भलं होवो बाबा तुमचं,” आई म्हणाल्या, पण बसल्या नाहीत. पायाला भोवरा लागल्यासारख्या टेबलाभोवती फिरत राहिल्या. थोरला मात्र बसला.

टेबलावर काचेचे बारा पेले होते. प्रत्येकाच्या तळाशी नुसता चिखल. धाकटी सून डोळे पुसत उभी होती.

“रडू नकोस. घरी माझ्याशी भांडताना तोंड कसं चालतं? तेच इथं चालव.”

“आई, ही त्या निसरड्या टेकडीची माती. हिची नुसती वडी पाण्यात टाकली की फसकन बसते. पाणी घालून विरवलेला चुना मिसळून महिनाभर ठेवली, तर पाण्यातही उभी राहते. आधीच्या दोन्ही खेपांना राहिली. टेकडी धरून ठेवायला हाच उपाय घ्यायचा, असं ठरतच आलं होतं. खाली शाळा आहे ना. आणि आज सगळ्यांसमोर बाराच्या बारा बसल्या!”

“चिखलावर औषधाचा थेंब टाकला मी,” साहेब म्हणाले. “चुना असता तर गुलाबी झाला असता. एकही झाला नाही. म्हणजे चुना घातलाच नव्हता. आधीचे निकालही मनाचेच असणार.”

शेजारी आणखी बारा पेले होते. त्यांत तांबूस वड्या ऐटीत उभ्या.

“ह्या कोणाच्या?”

“माझ्या,” दादा लाजून म्हणाले. “तीच माती, त्यात विटांची भुकटी. चुन्याचा कणही नाही. नऊ वर्षं खपलो, आज पहिल्यांदा उभ्या राहिल्या.”

“आणि हिचा चुना विरवला कोणी?”

“मीच. सगळ्यांचा मीच विरवतो. महिन्यापूर्वीच्या गुरुवारी, त्या फळीवरच्या पत्र्याच्या बादलीत. काय उकळला म्हणता! अर्धा तास बादलीला हात लावायची सोय नव्हती. मग निवला, चाळला आणि ताईंना भुकटी दिली.”

“तू तपासलीस?” आईंनी सुनेला विचारलं.

“दादांनी दिली होती, आई.”

“मी दिलेलं मीठ तेवढं चाखून बघतेस!”

आई तडक सामानाच्या कोठीत गेल्या, मागोमाग थोरला. कोठीवाला आधीच धास्तावला होता. “माझ्याकडे बोट दाखवू नका बाई! सीलबंद डबा होता, आदल्याच दिवशी आलेला. कळीचा चुना आत खडखड वाजत होता. सगळा दादांनी नेला.”

“जुना चुना असतो का इथं?”

“मागे एक फुटकी गोणी आहे. गेल्या वर्षीची. उघडीच पडलीय.”

“आणि फळीवरच्या बादलीवर चिठ्ठी कोणाच्या हातची?”

“माझ्या! रिकाम्या बादलीला तारखेची चिठ्ठी लावल्याशिवाय मी ती देतच नाही. डिंक पाण्यानं सुटतो, म्हणून मेणबत्तीचं मेण ओततो आणि वर अंगठा दाबतो.”

“आई, वीस मिनिटं उरली,” थोरला म्हणाला. “मला तर कोठीवालाच वाटतो. घाबरलाय बघा किती.”

“तूही घाबरतोस मला. म्हणून काय तूही चोर?”

त्या तरातरा टेबलापाशी परत आल्या. थोरला पुन्हा खुर्चीत बसला.

“सूनबाई, ते झोंबणारं पाणी आण. आम्ल की काय म्हणता ते. आधी साध्या मातीवर टाक.”

काही झालं नाही.

“आता तुझ्या चिखलावर.”

चिखल फसफसला. साहेबांच्या हातातलं टोपण थांबलं.

“बघा साहेब. चुना घातला होता, पण मेलेला. कळीचा चुना वर्षभर उघडा राहिला की हवा खाऊन मरतो. मग तुमचा थेंब गुलाबी होत नाही. आम्लात मात्र फसफसतो. आणि जिवंत चुना मातीत मेलाच, तर माती धरून मरतो. इथं मातीनं धरच घेतला नाही. म्हणजे तो मिसळायच्या आधीच मेला होता.”

“मग कोठीवाल्यानंच जुना दिला!” थोरला उठला.

“बस खाली. मेलेला चुना पाण्यात टाकला तर थंडगार राहतो. दादांना तसा मिळाला असता, तर ते म्हणाले असते, आज उकळला नाही. हे तर बादलीला हात लावता येत नव्हता म्हणतात.” आईंनी फळीवरची बादली खाली ठेवली. “ही त्याच गुरुवारची चिठ्ठी. बादली रिकामी असताना लावलेली. उकळत्या चुन्याच्या बादलीवर मेण टिकतं होय? इथं तर कोठीवाल्याच्या अंगठ्याची रेघन् रेघ दिसतेय.”

दादांचं हसू ओठांवरच वाळलं.

“मग चांगला चुना गेला कुठं?” साहेबांनी विचारलं.

“विटांची भुकटी एकटी कधी माती धरत नाही, हे गवंडीसुद्धा सांगेल. तिला चुना लागतो. नऊ वर्षं न उभं राहिलेलं आजच कसं उभं राहिलं? टाका तुमचा थेंब.”

साहेबांनी एक तांबूस वडी फोडली. थेंब पडला आणि गडद गुलाबी झाला.

दादा त्यांनीच आणलेल्या खुर्चीत कोसळले. “नऊ वर्षं, आई... ती दोन वर्षांत माझ्या पुढे गेली.”

“आणि टेकडीवर नुसती भुकटी पसरली असती, तर खालच्या पोरांच्या पुढे काय आलं असतं?”

चारला पाच कमी होते. साहेब लगबगीनं उठले आणि आपली गादीची खुर्ची पुढे ओढू लागले. “आई, बसा ना. बसा.”

“आता कशाला?” आई म्हणाल्या. “खुर्ची देणारा चोर निघाला, म्हणून न देणारा साव ठरत नाही. त्यानं चुना बदलला. तुम्ही पोरीची दोन वर्षं एका थेंबावर निकालात काढलीत. आम्लाची बाटली हाताशी होती, ती उघडायचे कष्ट घेतले नाहीत. ते पत्र फाडा आणि माफीचं दुसरं लिहा. तिला बसवा त्या खुर्चीत. तुम्ही उभ्यानं लिहा.”