बॅटरी तर ठणठणीत आहे!

परराज्यातल्या त्या शहरात, शिवाजी नगरातल्या मराठी वाचनालयात त्या सकाळी वीज गेली, आणि पाठोपाठ सुरुचीचा लॅपटॉपही बंद पडला.

"अरे यार! आत्ता तर चाळीस टक्के दाखवून राहिला होता! आणि आता इंटरव्ह्यू आहे!"

पुण्याच्या स्टुडिओबरोबरचा ऑनलाइन इंटरव्ह्यू अगदी तोंडावर आलेला. म्युझियमची दालनं सजवायचं काम... कॉलेजपासूनचं तिचं स्वप्न. आता रडू फुटायचंच बाकी होतं.

"हा घ्या." समोरून एक लॅपटॉप अलगद सरकत आला. "फुल चार्ज आहे."

तिनं वर पाहिलं. फिकट निळा शर्ट, दाट भुवया, आणि डोळे... किती शांत!

"आणि तुमचं काम?"

"ते थांबेल. इंटरव्ह्यू थांबणार नाही."

फोनच्या नेटवर तिनं आपली चित्रं उघडली, आणि इंटरव्ह्यू रंगला. तो बाहेर पायरीवर उन्हात बसून राहिला. ती आली तेव्हा काही विचारायची गरजच नव्हती. चेहराच सांगत होता.

तो जितेंद्र. वर्षापूर्वी पुण्याहून इथल्या मोठ्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आलेला, अयोध्या नगरात एकटाच राहणारा. ती याच शहरातल्या कोटऱ्याची, आजोबा सरकारी नोकरीपायी नागपूरहून इथं आलेले.

वीज आल्यावर त्यानं तिच्या लॅपटॉपवर एक कमांड टाकली. बॅटरीचा सगळा रिपोर्ट समोर उघडला.

"हे बघा. नवी असताना साठवायची त्याच्या निम्मीसुद्धा वीज आता साठवत नाही ही. तुम्हाला दिसतात ते टक्के या उरलेल्याचे. थकलेली बॅटरी मग मध्येच दगा देते."

"पण मी तर दिवसभर चार्जिंगला लावून ठेवते!"

"तेच चुकतं. सतत शंभरवर ठेवली, त्यात गरम झाली, की लवकर म्हातारी होते. ऐंशीच्या आसपास चार्जर काढायचा. लॅपटॉप कशावर ठेवून काम करता?"

"...रजईवर."

"रजईवर!"

"तुम्ही सांगून राहिले की रागावून राहिले?"

"ऐकून राहिलो," तो हसला. "तुमचं हे 'राहिले' फार गोड वाटतं."

सुरुचीचे कान तापले.

रविवारी नवी बॅटरी बसवायला तो थेट कोटऱ्याला आला.

"एवढ्या लांब कशाला आलात?"

"छे, वाटेतच तर पडतं!"

अयोध्या नगर शहराच्या एका टोकाला, कोटरा दुसऱ्या टोकाला. पोहे देताना सुरुचीची आई, मंगलाताई, गालातल्या गालात हसल्या.

पण बॅटरी बसली आणि भेटायचं निमित्तच संपलं. आठवडा कसाबसा सरला. मग स्टुडिओचा होकार आला, आणि सुरुचीनं जितेंद्रला फोन लावला. म्हणाली मात्र भलतंच — "बॅटरी परत लवकर उतरून राहिली."

तो धावतच आला. गच्चीवर, कोवळ्या उन्हात, त्यानं रिपोर्ट काढला. बराच वेळ बघत राहिला.

"बॅटरी तर ठणठणीत आहे. काल दुपारभर चार्जरशिवाय चाललाय लॅपटॉप. सगळं इथं दिसतंय..."

सुरुची ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"मग फोन का केलात?"

"नोकरी मिळाली. पहिल्यांदा तुम्हालाच सांगायचं होतं... आणि समोर."

त्याचा चेहरा फुलला, आणि लगेच उतरला. "म्हणजे... पुण्याला जाणार?"

"नाही. काम इथूनच करायचं. कधीतरी जायचं, बस्स."

जितेंद्रनं लॅपटॉप मिटला. मोठा श्वास घेतला.

"घाबरलो होतो मी. इंटरव्ह्यूनंतर तुमचा चेहरा पाहिला ना, तेव्हापासून. आनंदही होत होता, आणि... सुरुची, मला तू खूप आवडतेस."

वाऱ्यानं तिची बट गालावर आली. तिनं ती सावरली नाही. हळूच हात पुढे केला, आणि त्यानं तो धरला.

"बोल ना काहीतरी," तो कुजबुजला.

तेवढ्यात जिन्यातून मंगलाताईंची हाक आली, "सुरुची, ते थांबणार आहेत का गं जेवायला?"

हात न सोडवता सुरुची मोठ्यानं म्हणाली, "हो आई, तो थांबतोय."

जिन्यात मंगलाताई खुदकन हसल्या. मग कढई गॅसवर चढल्याचा आवाज आला.