परतूरच्या तंबूतलं जहाज

इकडं सरकून बसा. अन् बिड्या विझवा, कडबा जवळ आहे. खळं राखायचं म्हणजे रात्र जागावीच लागती, मंग तोंड बंद ठेवून कशाला जागायचं? पण मी सांगून राह्यलो ती गोष्ट कुणाच्या आज्या-पणज्याची न्हाई. माझा साडू कचरू, आष्टीचा, त्याच्या अंगावरून गेलेली आहे. त्यानं मला एकदाच सांगितली, आपल्या गोठ्यात बसून. पुन्हा कधी तोंडातून काढली न्हाई.

फसली सन तेराशे एक्केचाळीस, निजामाचं राज्य होतं तवा. चैत्र शुद्ध चतुर्दशीची रात्र. दुसऱ्या दिवशी हनुमान जयंती होती अन् सांजच्या पालखीला गॅसबत्त्या पाहिजे होत्या. आष्टीत तवा बत्त्या कुठल्या? परतूरहून आणायच्या. ते काम कचरूकडं आलं. गडी तिशीतला, बैलजोडी नवी, गाडी त्याहून नवी. सकाळी गाडी जुंपून निघाला तर वेशीपाशी रहिमाचाची उभी.

रहिमाबी म्हणजे गावची मणियारीण. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन गावोगाव हिंडायची. आष्टीत अशी बाई न्हाई, जिचा हात तिनं आपल्या हातात घेतला न्हाई. नव्या नवरीला बांगडी चढवायची तर बोटं अशी दाबायची की पोरीला कळायचं बी न्हाई. तिचा नवरा रहमतुल्ला. दोघं मिळून हजला गेल्ते. येताना जहाज बुडालं. ती आली, तो न्हाई आला. गावाला ठाऊक ते एवढंच. ती कधी बोलली न्हाई, अन् विचारायची हिंमत कुणाची झाली न्हाई.

"कचरू, परतूरला चाल्लास का रं? मला ने."

"चला की चाची. पण टोपली कुठंय?"

"बांगड्या न्हाई विकायच्या. तंबू आलाय म्हणे तिथं, बायस्कोपचा."

कचरू बघतच राह्यला. ही बाई कधी तमाशाला न्हाई, उरुसाला न्हाई. अन् बायस्कोपला?

"त्यात जहाज बुडतं म्हणे," ती म्हणाली. अन् गाडीत चढून बसली.

अर्धी वाट सरल्यावर आपणहून बोलली. "कचरू, तसबीर झूट थोडीच असती? कुणीतरी तिथं उभं राहून काढल्याबिगर येती का? कोण जाणे, आमचंच जहाज असंल. मला एकच बघायचंय."

"काय, चाची?"

तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला.

हसू नका. तवा सगळ्यांनाच तसं वाटायचं. पडद्यावर दिसलं म्हणजे कुठंतरी घडलं, बिलकुल खरं. कचरूलाही तेच वाटलं. तिचा माणूस त्यात दिसला तर बाईचं काय व्हायचं, याचाच घोर त्याला लागला.

दिवस मावळला तशी कचरूनं बत्त्या कडब्यात बराबर बांधून गाडीत ठेवल्या अन् दोघं तंबूत गेले. पुढं गडीमाणसं, बाजूला कनातीच्या आड बाया. बाहेर इंजिन धडधडत होतं. चित्र मुकं. पडद्याशेजारी एक माणूस भोंगा घेऊन उभा होता, तोच सगळं समजावून सांगायचा. जहाज आलं. मोठं, खालपासून वरपर्यंत दिव्यांनी भरलेलं. वर गोरे लोक नाचून राह्यले, खाऊन राह्यले. मंग धक्का बसला. जहाज कललं. भोंगेवाला ओरडला, "देखो भाई देखो! जहाज डूब रहा है!" पडद्यावरची माणसं तोंडं उघडून हात वर करत होती अन् त्यांच्या वाटणीचं हाच ओरडत होता. शेवटाला एक जवान नावेत बसलेला, अन् पाण्यातून एका बाईचा हात वर आला. त्यानं तो धरला. "छोडना मत! छोडना मत!" भोंगेवाल्यानं तंबू डोक्यावर घेतला. लोक उभे राह्यले. त्यानं तिला ओढून वर घेतली. शिट्ट्या, टाळ्या, पागोटी उडाली. दुसरं जहाज आलं, नावेतले सगळे वाचले. खेळ खलास.

रहिमाबी बाहेर आली ती सरळ गाडीत चढली. मागच्या फळीला टेकली, तोंड मागं करून. बाहेर चतुर्दशीचं चांदणं पडलेलं. सगळी रानं उन्हाळ्यानं पांढरी पडलेली, दूरवर झाड न्हाई, अन् त्या चांदण्यात ती सारी सपाट दिसत होती. कचरू म्हणायचा, मला तर पहिल्यानंच वाटलं, हे रान न्हाई, पाण्यावानी काहीतरी हलून राह्यलंय.

परतूर मागं पडलं. मंग तीच म्हणाली, "आमचं जहाज नव्हतं ते."

"न्हाई ना? बरं झालं चाची."

"आमच्यात दिवे आधीच गेल्ते. धक्का बसला अन् अंधार झाला. अन् कुणी ओरडलं न्हाई, कचरू. इथं तो माणूस किती ओरडत होता. दर्यात ओरडायला तोंड उघडलं की पाणी आत जातं. चूपचाप जातात सगळे. नुसता आवाज येतो… लाकडाला नखं लागल्याचा."

कचरूनं बैलांना हाकललं. त्याला ते ऐकायचं नव्हतं. पण ती सांगतच राह्यली, जसं काही इतकी वर्सं कुणी विचारायची वाट बघत होती.

"मला नावेत टाकलं. नाव काठोकाठ भरलेली, एक माणूस घेतला असता तर सगळे गेलो असतो. हे बाहेर, पाण्यात. नावेच्या काठाला धरून. मी दोन्ही हात धरले यांचे. रात्रभर धरले. आधी बोलत होते. म्हणाले, पोरीचं, जुबेदाचं लगीन नीट कर. मंग बोलायचे थांबले. मी बोलत राह्यले. सकाळ व्हायला लागली तसा खलाशी म्हणाला, अम्मा, मर गया, छोड दो, नाव तिरकी हो रही. मी न्हाई सोडलं. तो पुन्हा म्हणाला. सगळेच म्हणायला लागले. माझ्या बाजूनं पाणी आत येत होतं. मंग मी… एकेक बोट काढलं, कचरू. गार पडल्ती, आखडल्ती. बाईच्या हातातून घट्ट बांगडी उतरवते मी, तशी एकेक."

बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"शेवटी करंगळी राह्यली. ती काढताना… तिनं माझं बोट दाबलं. जरासं. मंग हे खाली गेले. पाण्याचा हिसका होता, का यांनी दाबलं? मेल्ते का जिते होते? तेवढंच मला बघायचं होतं. कुणीतरी तसबीर काढली असंल, त्यात दिसंल म्हणून आले मी. त्या तसबिरीत तर सगळेच वाचले."

"चाची, मेलेलेच असतील. खलाशाला कळत असतंय," कचरू म्हणाला. ती हसली का रडली, त्याला कळलं न्हाई. त्यानं वळून बघितलं न्हाई.

आष्टी अजून दोन कोस. पुढं एक ओढा लागतो, उन्हाळ्यात ठक्क कोरडा, नुसती वाळू. ओढ्यात उतरायला चांगला उतार. भरली गाडी बी तिथं आपसूक पळती, बैलांना आवरावं लागतं. अन् त्या रात्री… उतारावर गाडी जड झाली.

बैल वाकले. मानेवर जू रुतलं. उतारावर, अन् चढावर ओढावं तसे ओढायला लागले. कचरूला वाटलं चाक कशात अडकलं. वाकून बघितलं. चाक मोकळं होतं. फिरत होतं. पण गाडी मागून कुणीतरी धरल्यासारखी.

"चाची, मागं कुणी लटकलंय का?"



मंग आवाज आला. बारीक. लाकडाला नखं लागल्याचा.

"चाची…"

"मागं बघू नको, कचरू."

आवाज तिचाच. पण इतका हळू, झोपेतल्या लेकराशी बोलावं तसा.

"कोण आहे?"

"आलेत."

पोरांनो, कचरू भेकड गडी नव्हता. कोल्हं, लांडगं, रात्रीच्या राखणीच्या पाळ्या, सगळं केलेला. पण त्याची मान वळंना. डाव्या अंगाचा बैल थरथरत होता, नाकपुड्या फुगल्या. ओढ्यात कोरडी वाळू. चांदणं. वारा न्हाई. पान हलत न्हाई. अन् मागं ती बोलून राह्यली, त्याच्याशी न्हाई, दुसऱ्याच कुणाशी.

"वर या ना. जागा आहे. ही गाडी आहे, नाव न्हाई… बुडत न्हाई ही… वर या."

थांबली. ऐकल्यासारखी.

"का बरं?… कुणी काही म्हणणार न्हाई आता."

पुन्हा थांबली. मंग कचरूला म्हणाली, "येत न्हाईत. किती गार हात आहेत, कचरू. तसेच."

तवा त्यानं बघितलं. न बघून राहवलंच न्हाई.

ती फळीवर पोटावर पडल्ती. दोन्ही हात फळीबाहेर, खाली. खांद्यापासून मनगटापर्यंत ताणलेले. मुठी आवळलेल्या, कशाच्या तरी भोवती. अन् फळीच्या पल्याड… काहीच न्हाई. नुसतं चांदणं. रस्ता. गाडीच्या चाकोऱ्या.

पण तिचे हात ओढले जात होते. कचरूनं डोळ्यानं पाह्यलं. खांदे पुढं, पुढं… इंच इंच.

"चाची, सोडा!"

"एकदा सोडलं ना रं."

"चाची, सोडा हो, पाया पडतो!"

तिनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. चांदण्यात तिचं तोंड साफ दिसलं. कचरू म्हणायचा, मला वाटलं होतं तिला आनंद झाला असंल, तिचा माणूस आला म्हणून. तसं काहीच नव्हतं त्या तोंडावर. हरलेलं तोंड होतं. सगळं कळून चुकलेलं.

"जिते होते, कचरू," ती म्हणाली. "तवा जिते होते हे."

अन् गाडी हलकी झाली.

एकदम. बैल उधळले. बत्त्या कडब्यात आदळल्या, काचा फुटल्याचा आवाज. कचरूच्या हातातून कासरा निसटला. ओढा गेला, चढ गेला, बैल थांबले ते आष्टीच्या वेशीत.

उजाडायच्या आत तो गावातली माणसं घेऊन परत गेला. तिचा भाचा महेमूद होता बरोबर. त्यानंच आधी बघितलं. ओढ्याच्या मधोमध, कोरड्या वाळूत, पालथी पडल्ती. हात पुढं लांबवलेले. जीव गेलेला. अंगावर ओरखडा न्हाई. गाडीतून पडली, बाई थकलेली, काळीज थांबलं असंल, असं ठरलं. कचरूनंही तेच सांगितलं. त्याच दिवशी दफन झालं. जुबेदा, तिची लेक, सासरहून येईपर्यंत माती झाल्ती. संध्याकाळची पालखी निघाली ती मशालीवर. कुणाच्या तोंडून जयजयकार नीट निघाला न्हाई.

कचरूनं ती वाट सोडली. परतूरला जायचं तर लांबून फिरून जायचा. रात्री ओढ्याचं नाव काढलं तरी उठून आत जायचा. पुढं बोलायचाच कमी झाला. बायको द्वारकाबाई म्हणायची, माणूस घरात आहे अन् न्हाई.

पण त्यानं मला बोलावलं होतं ते हे सांगायला न्हाई. दाखवायला.

रहिमाबी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो बैलांना पाणी पाजायला उठला. जोडी दाव्याला ताण देऊन गाडीच्या मागं गेल्ती, अन् दोन्ही बैल मागची फळी चाटून राह्यले होते. हाकलले तर पुन्हा येऊन चाटायचे. पाऊस आला, फळी धुतली, तरी चाटायचे. गाडी पुढं मोडली. फळी काढून त्यानं गोठ्यात टेकवून ठेवली, तर गाई चाटायच्या, वासरं चाटायची, शेजारच्याचं ढोर दावं तोडून यायचं. घामाचा डाग असंल म्हणाल, तर मी बी म्हणालो. मंग त्यानं कंदील धरला अन् फळी दाखवली.

सागाची जाड फळी, सगळीकडं होती तशीच. फक्त दोन ठिकाणी चाटून चाटून खळगे पडलेले. हातभर अंतरावर. बोटं रुतावी एवढे.

मी बोट लावून जिभेला लावलं.

खारट होतं.