चैतूच्या मायचं नाणं

पोट्टेहो, खोटं वाटत असेल तर आत्ताच उठा. नवाबभाऊच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. मी पाहिलेलं सांगते.

दोन हजार एकचं साल, पोळ्याची आदली रात्र. नवाबभाऊ गोंडपिपरीच्या बाजारातून चिंच घेऊन आला. दिवसा लोकांच्या भांड्यांना कल्हई करायची, रात्री जुनी नाणी साफ करायची, हा त्याचा शौक. चिंचेच्या पाण्यात भिजवायचं, बाभळीच्या काट्यानं मळ काढायचा, मग तेलाचा हात.

त्या रात्री नाणं चैतूचं होतं. चैतू त्याचा भामरागडकडचा दोस्त. घरात पूर शिरला म्हणून ठेवून गेला, तेव्हा म्हणाला होता,

"आमची गेलेली माय आहे यात. दरसाली नव्या तांदळाचं पीठ न् तेल लावतो. तेच तिचं जेवण. घर उभं झालं का नेतो."

"त्यानं सांभाळाले दिलं, घासाले नाई," नवाबभाऊची बायको सलीमा बोलली.

"चमकवून देतो ना. खुश होऊन जाईल."

थरावर थर निघाले. मायचं इतक्या सालांचं जेवण... नालीत.

मध्यरात्री चुलीपाशी खरवडल्याचा आवाज. त्यांची नाहीद, सात वर्षांची, पुढचा एक दात पडलेली. अंधारात भाताचं पातेलं खरवडून राह्यली होती.

"अब्बू, भूक लागली."

पुन्हा भात टाकला. तोही संपला.

"अब्बू, भूक..."

पोरगी खातच राह्यली आणि वाळतच गेली. गडचिरोलीला नेली. सलाईन लावली. फरक नाही. नवाबभाऊनं नाण्याला पीठ लावलं, तेल लावलं. सकाळी नाणं कोरडं, लख्ख.

"चैतूले आणा ना, भाऊ," मी म्हटलं.

"कसा आणू, बाई? भामरागडच्या पुलावरून पाणी आहे. गाडी बंद."

रोज स्टँडवर जायचा. रोज परत यायचा.

पाणी उतरायच्या आधी नाहीद गेली. तोंड शेवटपर्यंत हलत होतं.

मग चैतू आला. नाणं हातात घेतलं. खाली बसला.

"घेऊन जाय, बाप्पा," सलीमा म्हणाली.

"हे आता आमचं नाई, बाई."

नाणं तिथंच ठेवून गेला.

त्या रात्री सलीमानं त्याला पीठ लावलं. ताटलीत ठेवलं. सकाळी मला हाक मारली.

पीठ नव्हतं. नाण्यावर दातांचे वण होते. बारके.

मधी एका दाताची जागा मोकळी.