आतलं आधी

आतलं सर्व्हरवर पुश केलंत ना? नुसतं बाहेरचं करून घरी पळू नका. हसताय काय, बसा दोन मिनिटं. माझ्या एका मित्राची गोष्ट आहे, मनची नाही.

दोघे भाऊ, थोरला माझा मित्र, एकाच खोलीत काम करायचे. धाकट्याच्या मुलीला जन्मापासून दिसत नाही. तिच्यासाठी त्यांनी पुस्तक वाचून दाखवणारं यंत्र केलं होतं. मुख्य रेपो म्हणजे कोडचं कोठार; त्यात 'वाचन' नावाचं सबमॉड्यूल, कोठारातलं कोठार, आणि त्याच्या पोटात तसंच 'आवाज'. आता तुम्हाला माहीतच आहे, बाहेरच्या रेपोत आतला कोड नसतो. नुसती खूण असते, आतली अमुक नोंद, अमुक कमिट घ्या म्हणून. धाकटा हुशार, पण महाविसराळू. खुणा पुश करायचा आणि आतलं तसंच राहायचं. थोरला रोज कावायचा, "अरे, आतलं आधी!"

एका संध्याकाळी धाकट्याने 'आवाज'मध्ये स्वतःचा आवाज घातला. लेकीला फोन केला, "उद्यापासून बाबा वाचणार." घरी येताना ट्रकने उडवलं त्याला. लॅपटॉपचाही चुरा झाला. सर्व्हरवर दोन्ही खुणा आल्या होत्या. आवाज आलाच नव्हता.

पोर विचारायची, "काका, बाबा कधी वाचणार?" थोरल्याचा जीव तुटायचा.

गेल्या नोव्हेंबरात, दुसऱ्या शुक्रवारी रात्री थोरला ऑफिसच्या त्या खोलीत गेला. काम साधंच होतं. खोली सोडायची होती, सर्व्हर बंद करून सकाळी मालकाला किल्ली द्यायची. बंद करण्याआधी सवयीने त्याने पार आतपर्यंतचं सगळं ओढून घ्यायची कमांड दिली.

'वाचन' आलं.

मग 'आवाज'... इथे नेहमी एकच उत्तर यायचं. असं कमिट नाही.

या वेळी उत्तर आलं नाही.

कर्सर थांबला. खोलीत कुणी नव्हतं. तरी मागची खुर्ची... जाऊ दे.

उतरलं. पूर्ण.

त्याने यंत्र चालवलं.

"पान पहिलं," भाऊ म्हणाला.

...

मुलगी आता रोज ते ऐकत झोपते. पण 'आवाज'च्या पोटात आणखी एक सबमॉड्यूल निघालं. दोघांनी कधीच ठेवलेलं नव्हतं. खूण आहे, कमिट कुठेच नाही. मी स्वतः बघितलंय.

मित्र म्हणाला, "अजून विसरतो बघ. आतलं राहिलंच."

खोली त्याने सोडली नाही. सर्व्हर रात्रंदिवस चालू असतो. त्या नव्या सबमॉड्यूलचा फोल्डर अजून रिकामाच आहे.