सतरा नंबरची जागा

परीक्षेला निघाल्यासारखा सोकजू दुपारी तीनलाच तळघरातल्या, तासावर पैसे मोजून कॉम्प्युटरवर खेळायच्या गेमच्या दुकानात आला. दक्षिण कोरियातल्या दाएजॉन शहरातल्या त्या दुकानात सतरा नंबरचं यंत्र सगळ्यात तगडं. चार वाजता एका मोठ्या व्यावसायिक गेमिंग संघाची निवडचाचणी होती. घरबसल्या नाही, अशाच दुकानातून खेळायची. त्याचं वय तेवीस. पुढच्या वर्षी सक्तीच्या सेवेसाठी लष्करात जावं लागणार, म्हणजे ही शेवटचीच संधी.

त्या जागेवर पूर्वी इनप्योदादा बसायचा. सोकजूला खेळायला त्यानंच शिकवलं, आणि सोकजू त्याच्यावरच जळायचा. दुकान चालवणारी बोंग मावशी इनप्योच्या तिखट शेवयांत न मागता अंडं फोडायची. सोकजूला विचारायचीसुद्धा नाही. गेल्या वर्षी याच चाचणीत इनप्यो नापास झाला. मग तो घरोघरी जेवण पोचवायच्या मोटारसायकलवर कामाला लागला आणि मार्चमध्ये पुलावर ट्रकखाली सापडून मेला.

सोकजूनं सराव सुरू केला. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, सेकंदाला किती चित्रं सरकतात त्याचा. तो दोनशे चाळीसवरून घसरत तीसवर आला. पडद्यावरचा माणूस धावायचा सोडून उचक्या लागल्यासारखा पुढे सरकू लागला.

मावशी धूळ उडवायची फुंकणी घेऊन आली. पंख्यात धूळ नव्हती. यंत्र तापलंही नव्हतं. चित्रांचा दर्जा कमी केला, मागे चालणारं सगळं बंद केलं, तरी तीसच.

"तू आंघोळ केली नाहीस ना? गुदमरलंय बिचारं," मावशी म्हणाली आणि वाकून मागे पाहिलं. "अरे, ही वायर कोणी लावली?"

पडद्याची वायर खालच्या ग्राफिक्स कार्डात लावायची. वरच्या खोबणीत लावली तरी पडदा लागतो, सगळं ठीक दिसतं. फक्त ते महागडं कार्ड नुसतं बसून राहतं. नवखा माणूस हमखास चुकतो तिथे. मावशीनं वायर बदलली. आकडा चढला.

गेल्या वर्षी चाचणीच्या आधी इनप्यो हात धुवायला उठला, तेव्हा हीच वायर सोकजूनं गुपचूप वर सरकवली होती.

चारला दहा मिनिटं कमी असताना आकडा पुन्हा तीसवर आला. त्यानं मागे हात घातला. वायर वरच्या खोबणीत होती. खाली लावली. हात काढताना दुसऱ्या कोणाची तरी थंडगार बोटं मनगटाला घासून गेली... वायर पुन्हा वर.

शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. भिंतीमागून शेवयांचा वास येत होता. सोकजू हलक्या आवाजात बोलला.

"दादा... तुझी वायर मीच बदलली होती. तू निवडला गेला असतास. ते मला बघवलं नसतं."

मग आकडा हळूहळू चढत दोनशे चाळीसवर गेला, आणि टिकला.

सोकजू असा खेळला की स्वतःच थक्क झाला. सहा वाजता निकाल आला. संघात दोन जागा होत्या. दुसऱ्या ओळीत त्याचं नाव. पहिल्या ओळीत इनप्योचं. जागा तीच, सतरा. गुण दोन जास्त.

दिलेल्या क्रमांकावर त्यानं फोन लावला. पलीकडच्या पोऱ्यासारख्या आवाजानं अभिनंदन केलं, दोघांनीही सोमवारी सामान घेऊन यावं, खोली एकच आहे, असं सांगितलं. तुमचा दादा सारखं तुमचंच कौतुक करतोय, हेही सांगितलं. या मुलाचा हात माझ्यापेक्षा हलका, असं म्हणत होता.

सोकजूच्या अंगावर काटा आला. पण तोंडून जे बाहेर पडलं, ते त्याच्या नेहमीच्या, जुन्या, कडू आवाजात.

"मग त्याला दोन गुण जास्त कशाचे दिलेत?"

पलीकडचा हसला.

"थांबा हं. तो इथेच बसलाय. त्यालाच देतो फोन..."