पाचवं वाक्य

बाई सकाळी मोठ्यांच्या वर्गाला इंग्रजी शिकवत आणि दुपारी जुन्या ग्रीक व्याकरणाच्या संशोधनात डोकं खुपसून बसत. वर्गात दोन तऱ्हेची माणसं होती. काहींची इंग्रजी घरचीच, पण लिहायचं म्हटलं की बोंब. बाकीच्यांची बोलणं-लिहिणं दोन्हींशी झटापट. श्रुतलेखनासाठी वेगळी वाक्यं शोधायला बाईंना सवड कुठली? संशोधनाच्या कार्डांवरची ग्रीक उदाहरणंच त्या इंग्रजीत करून सांगत. रोज चार. सैनिक नदी ओलांडतो, रस्ता लांब आहे, असली निरुपद्रवी.

सोमवारी बावीसही वह्यांत पाच वाक्यं निघाली. पाचवं होतं, ‘आई खिडकीशी उभी आहे.’ नक्कल म्हणावी, तर चुका ज्याच्या त्याच्या. बाईंनी सगळी कार्डं उलथीपालथी केली. असं वाक्य कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “पाचवं कुणी सांगितलं?”

“तुम्हीच की, बाई,” वर्गातले बेकरीवाले काका म्हणाले. “फक्त जरा हळू आवाजात.”

त्या दिवशीचं पाचवं होतं, ‘आई खिडकी उघडते.’

बाईंच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात त्यांची आई दिवसभर एकटी असे. हल्ली तिला कशाचंच भान नसे, म्हणून बाईंनी खिडकीची कडी तारेने बांधून टाकली होती. त्या रात्री त्यांनी तारेला आणखी दोन वेढे दिले.

बुधवारी त्या तोंडातून अक्षर काढणार नव्हत्या. फळ्यावर उतारा लिहायला पाठ फिरवली, तोच मागे बावीस पेनं एकदम चालू झाली. एका ओळीपुरतीच.

बाईंनी एकही वही पाहिली नाही. पर्स उचलून त्या धावत सुटल्या.

खिडकी बंद होती. आई खुर्चीत शांत बसली होती. बाईंना रडूच आलं.

“फार कोंदट झालंय गं,” आई म्हणाली.

आता आपण जवळ असताना भीती कसली? बाईंनी तार सोडली, खिडकी उघडली, आणि हसून मागे पाहिलं.

आई एका जुन्या पाकिटावर पेन्सिलीने काहीतरी लिहीत होती. तिला इंग्रजीचं अक्षरही येत नव्हतं.

इंग्रजीत एकच ओळ होती. ‘मुलगी खिडकीशी उभी आहे.’

“आई, हे कुणी सांगितलं तुला?”

“तूच की, आत्ता.” आईने पेन्सिल पुन्हा कागदावर टेकवली. “पुढचं जरा सावकाश सांग. मला वेळ लागतो.”